एक तलाव निवडा आणि त्याच्या मागे लागा: सॅटेलाइट डेटाने बदलतं पर्यावरण बघायला कशी सुरुवात करायची

सॅटेलाइट डेटा शिकायचाय, कुठून सुरू करू, असं विचारणारे बरेच जण तोवर दोन-तीन कोडिंग ट्युटोरियल अर्धवट सोडून आलेले असतात. पायथन थोडंफार येतं, नकाशाचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलंय, चार-पाच जीबी डेटासुद्धा उतरवलाय, पण बघायचं काय हेच ठरलेलं नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगते, आधी एक तलाव पकडा. एकच. आणि निदान दोन-तीन महिने त्याच्याच मागे लागा, बाकी जग कुठे पळून जात नाही.

तलावच का, तर पाण्याला कडा असते. जंगल विरळ झालं का, माती खराब झाली का, हे ठरवायला अनुभव लागतो, पण पाणी इथे आहे आणि इथे नाही हे पहिल्या दिवशीसुद्धा डोळ्याला कळतं, आणि नंतर आकड्यात मांडता येतं. शिवाय पाऊस, उष्णता, शेतीसाठी उपसा, धरण, गाळ, सगळ्याचा परिणाम शेवटी त्या एका काठावर दिसतो. तलाव निवडताना फार छोटा घेऊ नका. निदान एक चौरस किलोमीटरचा तरी असू दे, का ते पुढे हिशोब करून दाखवते. आणि शक्यतो तुम्हाला माहितीतला असलेला बरा, कारण स्क्रीनवर काहीतरी विचित्र दिसलं तर "अरे हो, तिथे त्या वर्षी बांध घातला होता" हे तुम्हालाच आठवणार, सॅटेलाइटला नाही.

कोणता उपग्रह घ्यायचा

सुरुवातीला दोनच नावं पुरतात. अमेरिकेचा लँडसॅट आणि युरोपचा सेंटिनेल-२.

लँडसॅट म्हणजे जुना दस्तऐवज. पहिला लँडसॅट जुलै १९७२ मध्ये गेला आणि तेव्हापासून ही मालिका चालूच आहे, सध्या लँडसॅट ८ आणि ९ काम करतायत. ३० मीटर पिक्सेलच्या इमेज, म्हणजे ज्यातला एक ठिपका जमिनीवरचा ३० बाय ३० मीटरचा चौकोन असतो, १९८२ च्या लँडसॅट ४ पासून आहेत, पण भरवशाने मिळतात त्या १९८४ पासून, कारण त्या वर्षी लँडसॅट ५ गेला आणि तो २०१३ पर्यंत चालला, म्हणजे जवळजवळ २९ वर्षं! एवढं टिकेल असं तो बनवणाऱ्यांनीसुद्धा धरलं नव्हतं. आज कुणाकडे ऐंशीच्या दशकातल्या आपल्या तलावाची इमेज असेल तर ती बहुतेक वेळा या एका यंत्राची कृपा आहे. आणि २००८ पासून हा सगळा साठा फुकट झाला. त्याआधी एकेका इमेजला पैसे मोजावे लागायचे, त्यामुळे लोक दोन तारखा विकत घ्यायचे आणि त्या दोनांवरूनच निष्कर्ष काढायचे.

सेंटिनेल-२ नवा आहे, २०१५ पासूनचा, पण पिक्सेल १० मीटरचा आणि दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी तीच जागा परत दिसते. लँडसॅटचा एक उपग्रह १६ दिवसांनी परत येतो, दोन धरले तर ८. तेव्हा गेल्या काही वर्षांचं बारीक बघायचं तर सेंटिनेल, चाळीस वर्षं मागे जायचं तर लँडसॅट.

बाकीचे नुसते ओळखून ठेवा. मोडिस जवळजवळ रोज सगळी पृथ्वी बघतो पण जाड पिक्सेलने, अडीचशे मीटर ते एक किलोमीटर. सेंटिनेल-५पी हवेतले वायू मोजतो. समुद्राची पातळी मोजणारे रडार अल्टिमीटर १९९० च्या दशकापासून सलग आहेत आणि १९९३ पासून पातळी सरासरी साधारण १० सेंटीमीटर वर गेली हे आपल्याला त्यांच्यामुळेच कळलं. ग्रेसची (तो २०१७ ला संपला, २०१८ पासून त्याच्या जागी तसाच ग्रेस-एफओ आहे) तर गोष्टच वेगळी, त्यात कॅमेराच नाही, दोन उपग्रह एकामागे एक साधारण २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरतात आणि खालच्या वस्तुमानामुळे त्या अंतरात जो बारीकसा फरक पडतो त्यावरून बर्फ किती वितळला, जमिनीखालचं पाणी किती उपसलं गेलं याचा अंदाज काढतात. मला स्वतःला हे अजूनही अद्भुत वाटतं. पण आपल्या एका तलावासाठी ते कामाचं नाही, ग्रेसला शेकडो किलोमीटरचा प्रदेश लागतो.

पहिली इमेज उघडा

काही इन्स्टॉल करू नका. कोपर्निकस ब्राउजर उघडा, तो वेबवरच चालतो, बघायला अकाउंट लागत नाही, डाउनलोड करायला लागतं आणि तेही फुकट आहे. नकाशावर तलाव शोधा, सेंटिनेल-२ निवडा, त्यात एल२ए घ्या. एल१सी आणि एल२ए असे दोन प्रकार दिसतील. एल१सी मध्ये वातावरणाचा धुरकटपणा तसाच असतो, एल२ए मध्ये तो वजा करून जमिनीवरून प्रत्यक्ष किती प्रकाश परत आला ते दिलेलं असतं. दोन तारखांची तुलना करायची तर एल२एच पाहिजे.

मग ढगांचं प्रमाण. इथे सगळे एकदा तरी फसतात. २० टक्के ढग असं लिहिलेलं असतं ते पूर्ण तुकड्याचं असतं, म्हणजे १०० बाय १०० किलोमीटरच्या वर क्षेत्राचं. तुमचा तलाव त्या ढगाळ २० टक्क्यांत असेल तर इमेज बिनकामाची, आणि उलट ७० टक्के ढग असलेल्या दिवशी नेमकी तुमच्या तलावावर उघडीप असू शकते. म्हणून फिल्टर जरा सैल ठेवा आणि डोळ्याने बघा.

आधी ट्रू कलर बघा, मग फॉल्स कलर लावा. फॉल्स कलरमध्ये झाडं लालभडक दिसतील कारण हिरवी पानं निअर इन्फ्रारेड प्रकाश (लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा) जोरात परत फेकतात, आणि पाणी जवळजवळ काळं दिसेल कारण पाणी तोच प्रकाश गिळून टाकतं. जो काठ ट्रू कलरमध्ये मळकट दिसत होता तो एकदम सुरीने कापल्यासारखा दिसायला लागतो. इथे थोडा वेळ काढा. झूम करा, काठावरचे पिक्सेल बघा, कुठे गाळाचा पट्टा आहे, कुठे वनस्पती पाण्यात उतरलीय. घाई करणारे हीच पायरी सोडतात आणि मग नंतर आकडे चुकले की का चुकले ते त्यांना सांगता येत नाही.

तारखा निवडणं, सगळ्यात महत्त्वाचं

मार्चमधली एक आणि ऑक्टोबरमधली एक इमेज शेजारी ठेवून "बघा तलाव किती आटला" म्हणणाऱ्या पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. ऋतू बदलला की तलाव बदलणारच, त्यात नवल काय. तुलना करायची ती त्याच ऋतूची, शक्यतो त्याच पंधरवड्याची, वेगवेगळ्या वर्षांची. त्याने आणखी एक गोष्ट सांभाळली जाते ती म्हणजे सूर्याची उंची. हे उपग्रह एकाच ठिकाणावरून दर वेळी स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला जातात, पण ऋतूनुसार त्या वेळचा सूर्य कमी-जास्त उंच असतो, आणि सूर्य खाली असला की डोंगराच्या लांब सावल्या पडतात, आणि सावली ही कॉम्प्युटरला हुबेहूब पाण्यासारखी दिसते.

आणि दोन वर्षं घेऊन थांबू नका. एखादं वर्ष कोरडं असतं, एखादं भरपूर पावसाचं. हवामानशास्त्रात सरासरी काढायला ३० वर्षांचा काळ धरतात तो उगाच नाही. तुमच्याकडे लँडसॅटमुळे चाळीस वर्षं आहेत, तर प्रत्येक वर्षाची एक स्वच्छ इमेज काढा, जुन्या लँडसॅटसाठी यूएसजीएसची, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, अर्थ एक्सप्लोरर ही वेबसाइट वापरा. काही वर्षं रिकामी राहतील, राहू देत. रिकामी जागा रिकामी लिहा, अंदाजाने भरू नका.

आता आकडा काढू

उपग्रह प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगळा मोजतो, त्या एकेका रंगाच्या थराला बँड म्हणतात, आणि पिक्सेलचा आकडा म्हणजे त्या रंगाचा किती प्रकाश परत आला ते. पाणी ओळखायचं सगळ्यात सोपं गणित म्हणजे एनडीडब्ल्यूआय, पाण्याचा निर्देशांक. हिरव्या बँडमधून निअर इन्फ्रारेड वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. सेंटिनेल-२ मध्ये हिरवा म्हणजे बँड ३ आणि निअर इन्फ्रारेड म्हणजे बँड ८. उत्तर शून्याच्या वर आलं तर साधारणपणे पाणी, खाली आलं तर जमीन.

समजा पाण्यातल्या एका पिक्सेलचा हिरवा आकडा ६०० आहे आणि निअर इन्फ्रारेड २००. वजाबाकी ४००, बेरीज ८००, उत्तर ०.५. पाणी. शेजारच्या सुक्या मातीचा हिरवा १२०० आणि निअर इन्फ्रारेड २६००, तर उत्तर उणे ०.३७. जमीन. आता नेमका काठावरचा पिक्सेल घ्या, अर्धा पाण्यात अर्धा मातीत. त्याचे आकडे दोघांच्या मधले, म्हणजे ९०० आणि १४००, आणि उत्तर येतं उणे ०.२२. म्हणजे अर्धं पाणी असूनही तो जमीन म्हणून मोजला गेला. मी हे कागदावर सोडवून बघितलं, या आकड्यांत पिक्सेल पाणी म्हणून धरला जायला त्याचा तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग पाण्यात असावा लागतो. म्हणजे तुमचा तलाव प्रत्येक वेळी काठाकाठाने थोडा कमीच मोजला जातोय.

हे किती त्रासदायक होईल ते तलावाच्या आकारावर आहे. एक चौरस किलोमीटरचा गोल तलाव धरा, त्याचा परीघ साधारण साडेतीन किलोमीटर. १० मीटरच्या पिक्सेलने त्यात १०,००० पिक्सेल बसतात आणि काठावर साधारण ३५०, म्हणजे साडेतीन टक्के. लँडसॅटच्या ३० मीटरने सगळे मिळून साधारण १,११० पिक्सेल आणि काठावर १२० च्या आसपास, म्हणजे अकरा टक्के संशयास्पद. काठ वाकडातिकडा असेल तर आणखी जास्त. आता १९९० चा आकडा लँडसॅटचा आणि २०२४ चा सेंटिनेलचा घेऊन कुणी तुम्हाला म्हणालं की तलाव ४ टक्क्यांनी वाढला, तर तलाव तेवढाच असेल, फक्त पिक्सेल बारीक झाले असतील. छोटा तलाव घेऊ नका असं म्हणाले ते यासाठी. आणि लांबच्या मालिकेसाठी शेवटपर्यंत लँडसॅटच वापरा, मध्येच घोडा बदलू नका.

क्षेत्रफळ काढणं मग सोपं, पाण्याचे पिक्सेल मोजा, सेंटिनेल असेल तर १०० चौरस मीटरने गुणा, लँडसॅट असेल तर ९०० ने. क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं करतं. शून्य ही सीमा मात्र दगडावरची रेघ नाही. गढूळ पाण्यात, शेवाळ आलेल्या पाण्यात ती सरकवावी लागते. सरकवा, पण एकदा ठरवली की सगळ्या वर्षांना तीच लावा आणि लिहून ठेवा.

खड्डे कुठे कुठे आहेत

ढगाचं एक वेळ ठीक आहे, तो दिसतो. ढगाची सावली जास्त फसवते, ती तलावाशेजारी पडली की तलाव मोठा झाला असं वाटतं. एल२ए सोबत एक वर्गीकरणाचा थर येतो, त्यात ढग, सावली, बर्फ, पाणी असं प्रत्येक पिक्सेलवर लिहिलेलं असतं, त्याने बरंच गाळता येतं, पूर्ण नाही.

लँडसॅट ७ वापरलात तर ३१ मे २००३ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी त्याचा एक भाग बिघडला आणि तेव्हापासून प्रत्येक इमेजमध्ये काळे तिरके पट्टे येतात, साधारण २२ टक्के डेटा गायब. इमेजच्या मधल्या भागात पट्टे नसतात, कडेला रुंद होत जातात. तेव्हा त्या वर्षांसाठी लँडसॅट ५ मिळाला तर तो घ्या.

बँडचे नंबर उपग्रहाप्रमाणे बदलतात हे आणखी एक. लँडसॅट ५ आणि ७ मध्ये निअर इन्फ्रारेड बँड ४ आहे, लँडसॅट ८ आणि ९ मध्ये तो ५. जुना फॉर्म्युला तसाच चिकटवला तर एरर येत नाही, चुकीचं उत्तर येतं, आणि ते जास्त वाईट.

माझ्यासोबत झालेली एक गोष्ट सांगते. तलावाबरोबर मी काठच्या दाट जंगलाचा हिरवेपणासुद्धा मोजत होते, त्याला एनडीव्हीआय म्हणतात, निअर इन्फ्रारेडमधून लाल वजा करून बेरजेने भागायचं. वर्षानुवर्षं ०.८४ च्या आसपास असणारा आकडा २०२२ च्या सुरुवातीला धाडकन ०.५५ वर आला आणि तिथेच राहिला. मी हादरले. कीड पडली असेल, आग लागली असेल, सगळं डोक्यात आलं, जंगल मेलं असं एका मैत्रिणीला लिहायलाही बसले होते. मग एकदा कच्चे आकडे उघडले तर जंगल, खडक, पाणी, सगळ्यांचेच आकडे एकाच तारखेपासून बरोबर १००० ने वर गेलेले. निसर्ग असा गोल आकड्यात वागत नाही. शोधल्यावर कळलं की २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ ची प्रक्रिया बदलली आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवून ठेवायला लागले, वापरताना आपण ते वजा करायचे. लाल ३०० आणि निअर इन्फ्रारेड ३५०० असेल तर उत्तर ०.८४, दोन्हीकडे १००० जास्त धरले की ०.५५. जंगल जसंच्या तसं उभं होतं. ब्राउजरमध्ये हे आपोआप सांभाळलेलं असतं, पण फाइल उतरवून स्वतः हिशोब केला तर तुम्हालाच बघावं लागतं. गूगल अर्थ इंजिनमध्ये (गूगलच्याच कॉम्प्युटरवर इमेजचा हिशोब करून देणारी सेवा) हार्मोनाइज्ड नावाचा संच आहे, त्यात हा फरक आधीच काढलेला असतो, तो घ्या.

म्हणजे मोठा बदल दिसला की आधी डेटावर शंका घ्यायची. पण शंका घ्यायची म्हणजे फेकून द्यायचं नाही हेही तितकंच खरं, आणि याची सगळ्यात मोठी आठवण ओझोनची आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोन भयंकर कमी झालाय हे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी जमिनीवरच्या उपकरणांवरून मांडलं. निंबस-७ उपग्रह तेव्हा वरून तेच मोजत होता, पण त्याच्या प्रोग्रामने इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला काढले होते. परत उघडून बघितल्यावर भोक तिथेच होतं, डेटात. दोनच वर्षांत, १९८७ ला, ओझोन खाणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. तेव्हा विचित्र आकडा दिसला तर त्याला वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण शोधा, मिळेपर्यंत पुसू नका.

तलाव आटला, पण कशामुळे?

सॅटेलाइट काय झालं ते दाखवतो, का झालं ते दाखवत नाही. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं बघा, नावाला समुद्र पण खरा तलावच. १९६० मध्ये तो जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव होता, आणि लँडसॅट-मोडिसच्या इमेज एकापुढे एक लावल्या तर पाणी मागे हटत हटत २०१४ मध्ये दक्षिण अरलचा पूर्वेकडचा भाग पूर्ण कोरडा पडलेला दिसतो. नुसत्या इमेज बघणारा म्हणेल हवामान बदललं. मुख्य कारण मात्र आमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं हे होतं. आणि उत्तरेकडे २००५ मध्ये कोक-अरल बांध पूर्ण झाल्यावर त्या छोट्या भागात पाणी परत चढलं, तेही इमेजमध्ये स्पष्ट दिसतं. हवामान तेच, शेजारशेजारचे दोन भाग, आणि दोन वेगळे शेवट.

म्हणून तलावाच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात आणखी रकाने करा. त्या वर्षीचा पाऊस, तापमान, वर धरण झालं का, उपसा वाढला का. पाऊस तेवढाच असून पाणी कमी होत असेल तर माणसाकडे बघा, पाऊसच घटत असेल तर प्रश्न वेगळा. तापमानासाठी लँडसॅटचा थर्मल, म्हणजे उष्णता मोजणारा, बँड वापरावासा वाटेल, वापरा, पण तो जमिनीच्या किंवा पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान देतो, आपण बातम्यांत ऐकतो ते हवेचं तापमान वेगळं. भर उन्हातली उघडी माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, ते आकडे सरळ शेजारी लावून बातमी करू नका.

पुढे काय

एका तलावाची चाळीस वर्षं हातात आली की मग अर्थ इंजिनकडे वळा, तिथे डाउनलोड न करता शेकडो इमेजवर एकदम हिशोब चालतो, आणि आता तुम्हाला त्या कोडची प्रत्येक ओळ काय करतेय ते समजेल. जेआरसीचा, म्हणजे युरोपियन आयोगाच्या संशोधन केंद्राचा, ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर उघडून बघा, त्यात लँडसॅटवरून १९८४ पासूनचा जगभरच्या पाण्याचा नकाशा तयारच आहे. आधी तुमचा आकडा काढा आणि मग त्याच्याशी ताडून पाहा, उलट नको. ढगांचे महिने भरून काढायचे असतील तर सेंटिनेल-१ चं रडार शिका, ते ढगातून आरपार बघतं, रात्रीसुद्धा, शांत पाणी त्यात काळं दिसतं, फक्त वारा सुटून लाटा उठल्या की तेच पाणी उजळ होतं आणि जमिनीसारखं दिसायला लागतं. जुलै २०२५ मध्ये गेलेला निसार, नासा आणि इस्रो दोघांचा, हेही रडारच आहे.

आणि शक्य असेल तर एकदा प्रत्यक्ष तलावावर जा. उपग्रह त्या जागेवरून कोणत्या दिवशी जातो हे मागच्या तारखांवरून कळतं, पाच पाच दिवस मोजत यायचं. तो दिवस धरून सकाळी साडेदहाच्या सुमाराला काठावर उभे राहा, पाण्याची कडा जिथे आहे तिथे फोनवर लोकेशन घ्या, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, गढूळ आहे का, शेवाळ आहे का ते लिहा. दोन-तीन दिवसांत त्याच सकाळची इमेज येईल. ती उघडायची, झूम करायचं, आणि तुम्ही उभे होता तो पिक्सेल पाणी दाखवतोय की जमीन ते बघायचं.